वळणावरचा हात

आळेफाट्यावर माणसं कशानं मरतात, हे कुणालाही विचारा, तो हायवेकडे बोट दाखवील. नाशिकचे ट्रक, नगरचे ट्रक, पुण्याचे ट्रक, कल्याणचे ट्रक, सगळे आपापली घाई घेऊन एकाच चौकात येतात. म्हणून अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत आमच्या जनजागृती मित्रमंडळानं सायकलवाल्यांसाठी सुरक्षा सप्ताह करायचा ठरवला, तेव्हा तो हायवेवर होईल असं मला भोळेपणानं वाटलं होतं. मंडळाचे अध्यक्ष सुदर्शनशेठ यांनी माझी समजूत काढली. हायवेवर कार्यक्रम घेणं फार धोक्याचं आहे, असं ते म्हणाले. तिथं कार्यकर्तेच कुणाच्या तरी चाकाखाली यायचे. म्हणून सुरक्षेचा कार्यक्रम जिथं आधीपासून सुरक्षित होतं तिथं, म्हणजे कॅनॉलच्या रस्त्यावर घ्यायचं ठरलं.

मी भिका. कॅनॉलचा रस्ता फाट्यावर डांबरीला लागतो, तिथं माझं सायकलचं दुकान आहे. पंक्चर, ओव्हरऑइलिंग, वाकड्या चाकाचा आउट काढणं आणि तासावर भाड्यानं सायकल. माझा स्वभाव तिरका आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांची वाकडी चाकं बघून बघून झाला असेल.

कॅनॉलचा रस्ता म्हणजे भरावावरची मातीची वाट. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला दीड पुरुष खोल उतार आणि मधे सात-आठ फूट जागा. आळ्याच्या मळ्यांतून फाट्याला यायचं तर हायवे टाळून सगळे याच वाटेनं येतात. सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान दोनेकशे सायकली सहज जात असतील. डेअरीला दूध घालणारे, शाळेची पोरं, गॅरेजमधले कामगार आणि उलट बाजूनं मळ्यांकडे निघालेला पाववाला. आमचं घरही मळ्यातच. माझी मुलगी वृषाली तेव्हा दहावीत होती. तीही याच वाटेनं शाळेला जायची, बहुतेक वेळा माझ्या पुढं. बापाच्या मागं राहणं तिला कमीपणाचं वाटे.

या वाटेचा एकच नियम होता, भरल्या सायकलला अडवायचं नाही. कॅरियरच्या दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरचे कॅन टांगलेल्या सायकलवरून माणूस उतरू शकतो, पण परत चढू शकत नाही. चढायला दगड लागतो, नाहीतर कुणीतरी मागून धरायला लागतं. आमचे गेणभाऊ चौदा वर्षं दूध घालत होते आणि घर ते डेअरी या वाटेत आपण जमिनीला पाय लावलेला नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत. लोक जेवताना ऐकून घेत.

आणि वाटेवर एकच वाईट जागा होती, पंपाच्या खोलीजवळचं वळण. पाणीपुरवठ्याची ती खोली कुणी बांधली कोण जाणे, पण भरावाच्या अगदी अंगावर बांधली. तिथं वाट निम्मी होते आणि भिंतीपलीकडून काय येतंय ते दोन्हीकडच्यांना दिसत नाही. इंजिनियरला एवढं साधलं म्हणजे त्याला त्या कामाचं शिक्षण मिळालेलं असणार.

त्या वळणावर तुकाबाई बसायची. साठीची बाई, अंगानं वाळकी, आवाजानं बारीक. तिच्या घराण्यात पूर्वी मेंढरांचे मोठे वाडे होते. आता भावकीतले बाकी सगळे शेतीत नाहीतर कंपनीत गेलेले आणि पंधरा मेंढरं तेवढी हिच्याकडे उरलेली. रोज पहाटे ती मेंढरं घेऊन भरावाच्या उताराला यायची आणि एका दगडावर बसायची. त्या जागेवरून वाटेच्या दोन्ही बाजू दिसतात. अकरा वर्षांपूर्वी कधीतरी दोघं समोरासमोर येताना तिला दिसले आणि तिनं एकाला हात वर करून बोलावून घेतलं. तिथून सुरुवात झाली. पुढं पुढं रीतच पडली. उजवा हात वर झाला की आळ्याकडच्यांनी यायचं, डावा वर झाला की फाट्याकडच्यांनी. हात वर म्हणजे वाट मोकळी, बिनधास्त ये. हात मांडीवर म्हणजे पलीकडून कुणी येतंय, दम धर. दोन्ही हात एकदम वर कधीच नाहीत. आमच्याकडे याला ‘हात देणं’ म्हणत. तुकाबाई आजारी असली, बाजाराला गेली असली, तर धुणं धुणारी एखादी बाई तिथं उभी राहून हात द्यायची. कुणीच नसेल तर सगळे आपोआप हळू व्हायचे.

अकरा वर्षांत त्या वळणावर एक टक्कर झाली नाही. झाली असती तर मला कळलं असतं, कारण मोडकं चाक शेवटी माझ्याच दारात येतं. धंद्याच्या दृष्टीनं ही बाई मला फार महागात पडली होती.

तिचा मुलगा जालिंदर भोसरीला कंपनीत होता. दर दिवाळीला तो यायचा आणि आईला म्हणायचा, “मेंढरं ईक आणि चल माझ्यासंगं. गुडघं बघ तुझं.” त्याची खोली एकच होती, पण त्यात गॅस होता, टीव्ही होता आणि नातू होता. तुकाबाई म्हणायची, “मी आले तर वळणावर कोण?”

“सरकार बघंल.”

“सरकार सकाळी साडेसहाला उठतं का?”

जालिंदर मग एकटाच भोसरीची एसटी धरायचा. तुकाबाईचे गुडघे खरंच गेलेले होते, घरात एकटीच होती, दोन वेळचं करून घालायला कुणी नव्हतं. पण आपण वळणाला लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढं एक होतं तोवर भोसरीच काय, तिला कुणी शेजारच्या आळीतसुद्धा हलवू शकलं नसतं.

आता सुदर्शनशेठ. त्यांचं फाट्यावर टायरचं दुकान. पुण्याला रस्ता सुरक्षेचं एक दिवसाचं शिबिर झालं, तिथून ते एक शिट्टी, एक प्रमाणपत्र आणि बरंच ज्ञान घेऊन आले. मंडळाची मीटिंग हॉटेलात झाली. तिथं त्यांनी बेत सांगितला. पंपाच्या वळणावर टेबल मांडायचं. दोन्ही बाजूंना पिवळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक उभे करायचे. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून माहितीपत्रक, सायकलला चिकटवायला लाल रेडियम आणि गुलाबाचं फूल द्यायचं. पुण्याहून पाहुणे येणार, ते मार्गदर्शन करणार.

“वळणावरच का?” मी विचारलं.

“तिथं वाट अरुंद आहे,” शेठ म्हणाले. “कुणाला निसटता येत नाही.”

मग मी त्यांना हात देण्याची रीत सांगितली. म्हटलं, शेठ, त्या जागी हात वर केला की लोक थांबत नाहीत, येतात. सगळे हसले. शेठ मात्र हसले नाहीत, त्यांनी मला समजावून सांगितलं. “भिकाशेठ, हात वर म्हणजे थांबा. हे जगात सगळीकडे तसंच आहे. अहो, हात दाखवला तर एसटीसुद्धा थांबते.”

एसटी थांबते ही बातमी मला नवीन होती. पण एसटीवरून वाद घालण्यात अर्थ नाही म्हणून मी मुद्द्यावर आलो. “मग निदान तुकाबाईंना तिथं बसू द्या. त्या पोरांना शिकवतील.”

“आणि मेंढरं? पाहुणे काय लेंड्यांतून चालत येणार का? त्यापेक्षा असं करू, तुम्हाला आपल्या सप्ताहाचे तांत्रिक सल्लागार करू. नाव बॅनरवर घालू.”

माझं नाव तोपर्यंत फक्त दुकानाच्या पाटीवर होतं, आणि तीही पाटी मीच रंगवली होती. मी आणखी एकदा बोलायला तोंड उघडलं होतं, हे खरं. पण तेवढ्यात भजी आली.

तुकाबाईला सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, ओळखीचा म्हणून. आदल्या सकाळी मी वळणावर उतरलो आणि म्हणालो, “मावशी, उद्यापासून सात दिवस मेंढरं ओढ्याकडं न्या. इथं कार्यक्रम आहे.”

“मंग हात कोण देणार?”

“कॉलेजची पोरं आहेत. पिवळी जाकिटं घालून येणार.”

“त्यास्नी ठावं हाय का, कुठला हात कुणाला ते?”

“सांगितलंय त्यांना,” मी म्हणालो. चक्क खोटं बोललो. पोरांना सांगणार होतो, उद्या सकाळी, तिथं गेल्यावर.

“तू हाईस म्हंजी ठीक हाय,” ती म्हणाली आणि मेंढरांना हाकारा घातला. तिचा माझ्यावर विश्वास होता. माझ्यावर कुणी विश्वास टाकला की मला बरं वाटतं, त्या दिवशीही वाटलं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. पिकाचं आवर्तन सुटलेलं, कॅनॉल काठोकाठ वाहत होता. टेबल, टेबलावर गुलाबाची टोपली, माइक, आणि दोन बाभळींना बांधलेलं कापडी बॅनर. त्यावर चौथ्या ओळीत माझं नाव होतं, ‘भिका’च्या पुढं ‘श्री.’सकट. मी ते वाचत उभा होतो. पोरांना सांगायचं राहिलं, ते या वाचण्यात. चार शब्दांची ओळ, वाचायला किती वेळ लागावा? पण मी ती बरीच मन लावून वाचली.

शेठनी शिट्टी फुंकली. वळणाच्या दोन्ही बाजूंच्या पोरांनी दोन्ही हात वर केले. आळ्याकडून गेणभाऊ येत होते, चाळीस लिटर भरून. फाट्याकडून पाववाला येत होता, कॅरियरवर पत्र्याची पेटी. आता गेणभाऊंच्या बाजूनं विचार करा. अकरा वर्षं त्या वळणावर त्यांनी एका वाळक्या बाईचा एक हात बघितला होता. आज पिवळ्याधमक जाकिटातला जवान दोन्ही हात उंच करून उभा. इतकी मोकळी वाट त्यांना जन्मात कुणी दिली नव्हती. त्यांनी पॅडल जोरात मारलं. पोरगं घाबरलं आणि हात आणखी जोरात हलवायला लागलं. गेणभाऊ समजले की घाई कर म्हणतोय. बिचाऱ्यांनी घाई केली. पलीकडे पाववाल्यालाही तसाच मान मिळत होता.

टक्कर बरोबर टेबलासमोर झाली. दूध, पाव आणि गुलाब यांचा जो काला झाला तो मला अजून दिसतो. पाववाला पेटीसकट कॅनॉलमध्ये गेला. आम्ही बॅनर सोडून बॅनरचा दोर त्याच्याकडे फेकला. दोर आखूड पडला, तेव्हा बॅनरच फेकलं, आणि ते धरून तो वर आला. माझं नाव त्यानं घट्ट मुठीत धरलं होतं. गेणभाऊंना मात्र उठता येईना. त्यांचा पाय जमिनीला लागला होता, आणि गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. खांद्याचं हाडही गेलं होतं. ते ओरडले नाहीत. मला जवळ बोलावून एवढंच विचारलं, “हात दिला व्हता ना रं त्यानं?”

“दिला होता,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

एक गोष्ट इथं सांगायलाच पाहिजे, तिनं शेठना नावं ठेवायची मजा जात असली तरी. सुदर्शनशेठनी गेणभाऊंना स्वतःच्या जीपमधून मंचरला दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळपर्यंत तिथं उपाशी बसून राहिले. माणूस वाईट नाही. त्यांना फक्त लोकांचं भलं करायचं होतं, आणि ते लोक आधी कसे जगतात हे बघायला वेळ नव्हता.

पाहुणे दहा मिनिटांनी आले. सांडलेल्या दुधाला वळसा घालून ते माइकपाशी गेले आणि म्हणाले की आज घडलेल्या दुर्दैवी घटनेमुळे अशा कार्यक्रमांची किती गरज आहे हे सिद्ध झालं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असाव्यात, हात मोकळे होते.

मंडळाचं पत्रक दोन दिवसांनी निघालं, पेपरातही छापून आलं. ‘वळणावर काही अनधिकृत व्यक्ती अनेक वर्षांपासून हातवारे करत असल्याने सायकलस्वारांना चुकीची सवय लागली आहे’ असं त्यात होतं. नाव कुणाचं नव्हतं. पण आमच्याकडे एवढी अनधिकृत बाई एकच होती.

आणि सप्ताह काही थांबला नाही. राहिलेले सहा दिवस पोरं वळणावर उभी राहिली, आता दोघांऐवजी सहा जण. टक्कर झाली नाही, कारण सगळे आधीच घाबरून शंभर पावलांवरून उतरून येत होते. प्रत्येकाच्या हातात माहितीपत्रक पडलं. त्यावर लाल पंजा आणि खाली ठळक अक्षरांत ‘हात दिसला की थांबा’. शाळेत प्रार्थनेनंतर मुलांकडून ते तीनदा म्हणून घेतलं. वृषाली घरी येऊन म्हणाली, “पप्पा, मी म्हटलंच नाही. नुसते ओठ हलवले.”

आठव्या दिवशी पोरं गेली, जाकिटं गेली, टेबल गेलं. तुकाबाई मेंढरं घेऊन आपल्या दगडावर येऊन बसली. तिनं उजवा हात वर केला.

पहिला आला तो थांबला. त्याच्या मागचा आला तो न थांबता पुढच्यावर आदळला. तिसरा उतारावरून खाली मेंढरांत गेला. तुकाबाईला कळेना. तिनं हात खाली घेतला, तर पलीकडून दोन पोरं सुसाट आली. त्यांचंही बरोबरच होतं. हात दिसला की थांबा, म्हणजे नाही दिसला तर थांबायचं कारण काय? एका आठवड्यात आम्ही माणसांना अर्धंच शिकवलं होतं, आणि कोण कुठलं अर्धं शिकलाय हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. तुकाबाई उठून उभी राहायला लागली, ओरडायला लागली, “ये रं, ये, मोकळं हाय.” तिचा आवाज तो केवढा. पाण्याच्या आवाजात दहा पावलंही जायचा नाही. दोघा-तिघा दूधवाल्यांनी हायवे धरला. हायवेवर निदान कोण कुठून येणार हे माहीत असतं. सगळीकडून येतात.

त्या दिवशी दुपारी ती माझ्या दुकानात आली. पायरीवर बसली, पाणी प्यायली.

“भिका, मानसं माझा हात बघून उतरत्यात रं. माझं काय चुकलं का?”

“तुमचं काही चुकलं नाही, मावशी.”

“मंग? गेणभाऊच्या घरची बाई मला बघून तोंड फिरवून गेली. मी तर ओढ्याला व्हते त्या दिशी.”

मला बोलता आलं पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं की मावशी, पोरांना मी सांगणार होतो, आणि मी बॅनर वाचत बसलो. त्याऐवजी मी म्हणालो, “लोक आठ-पंधरा दिवसांत विसरतील. पूर्वीसारखं होईल सगळं. आणि कुणी मानो न मानो, मी तुमचा हात मानतो.”

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “जालिंदरचा निरोप आलाय. पेपरात आलं म्हनं. म्हनतो, आता तरी चल.” मग गुडघ्यावर हात टेकून उठली. “तू मानतो ना? मंग तवर येते मी. एक मानूस जरी हात बघून आला, तरी बसायला अर्थ हाय.”

पुढचे दहा दिवस मी शब्द पाळला. नुसता पाळला नाही, मिरवला. रोज सकाळी वळणाच्या अलीकडे घंटी वाजवायची, लोक बघतायत ना बघायचं, आणि उजवा हात वर दिसला की ब्रेकला बोटसुद्धा न लावता भिंतीला घासून जायचं. मागून वृषाली, नाहीतर पुढून वृषाली. हळूहळू एकेक जण आमच्या मागं यायला लागला. पाववाला पुन्हा यायला लागला, हा तर मी माझा विजय समजलो. दहाव्या दिवशी मी मोजलं, चौदा सायकली न उतरता गेल्या. तुकाबाईनं त्या दिवशी जाताना मला दोन बोरं दिली. मनात म्हटलं, तांत्रिक सल्लागार काय असतो ते बघा आता.

अकराव्या दिवशी पुन्हा धुकं होतं. वृषालीची सराव परीक्षा होती, ती घाईत होती. माझ्या पुढं दोन सायकलींच्या अंतरावर. मागं पाच-सहा जण होते, माझ्याकडे बघून येणारे. वळण आलं. दगडावर तुकाबाई दिसली. उजवा हात वर, सरळ, पंजा उघडा. वृषालीनं तो बघितला आणि पॅडलवर उभी राहिली.

आणि भिंतीपलीकडे मला कॅनची कडी वाजल्यासारखी वाटली.

वाजली नव्हती. कदाचित माझ्याच सायकलची साखळी असेल, कदाचित मेंढराच्या गळ्यातलं घुंगरू. पण मला गेणभाऊंचा पाय दिसला, भलत्या दिशेला वळलेला, आणि तो पाय वृषालीच्या सॉक्समध्ये दिसला. मी ओरडलो, “वृषे, उतर, थांब, उतर.” आणि स्वतः दोन्ही ब्रेक दाबले.

वृषाली दचकली. तिनं पुढचा ब्रेक एकदम दाबला, चाक मातीत घसरलं आणि ती भिंतीच्या अंगाला पडली. माझ्या मागचे सगळे उतरले. मग सगळं शांत झालं. पलीकडून कुणी आलं नाही. आम्ही चांगली दोन मिनिटं उभे होतो, तरी कुणी आलं नाही. वाट मोकळी होती.

तुकाबाईचा हात अजून वरच होता. तो तसाच ठेवून ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी उलटं बोललो असतो, ते मला जमतं.

“पोरगी येत व्हती की रं,” ती म्हणाली. “तू का वरडला?”

“मावशी, मला वाटलं...”

“मी बघितलं व्हतं. कोन न्हवतं.”

मग तिनं हात खाली घेतला. उतारावरून हळूहळू वर आली, वृषालीच्या गुडघ्याची माती पदरानं पुसली, खरचटलं होतं तिथं फुंकर घातली. वृषाली माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी थांबणार नव्हते, आजी.”

“ठावं हाय मला,” तुकाबाई म्हणाली.

वृषाली गेली. मागचे लोक सायकली हातात धरून, एकामागून एक, वळण चालत पार करून गेले. भिकाच थांबला म्हटल्यावर कोण चढणार? मीही सायकल हातात धरूनच गेलो.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी तुकाबाई आली. माझ्या दुकानाला लागूनच एसटीडीचं बूथ आहे. तिनं कनवटीची चिठ्ठी काढली, घडी घालून घालून मऊ झालेली. त्यावर जालिंदरच्या शेजाऱ्याचा नंबर होता.

“लाव,” ती म्हणाली. “कवा न्यायला येतो इचार.”

मी बरंच काही बोललो. लोक परत शिकतील म्हणालो, माझी चूक झाली म्हणालो, पोरीसाठी जीव घाबरला म्हणालो. पोरांना काही सांगितलं नव्हतं, हेही शेवटी सांगून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “तुझी पोरगी हाय, तू घाबरणारच. मी बी वरडले असते.” मग पुन्हा म्हणाली, “लाव.”

मी लावला. बोलायला ती आत आली नाही, बाहेरच पायरीवर बसून राहिली. शेजाऱ्यानं जालिंदरला बोलावून आणलं. मी म्हणालो, मावशी तयार आहेत, या न्यायला.

“खरं सांगताय का भिकाभाऊ? धा वरसं मी सांगून दमलो. तुमी काय केलं तरी काय?”

“ब्रेक दाबला,” मी म्हणालो.

“काय? ऐकू न्हाई आलं.”

“काही नाही. समजावलं म्हटलं.”

“लई उपकार झाले बघा,” जालिंदर म्हणाला. “तुमच्यासारखं मानूस गावात हाय म्हणून बरं हाय.”